तासिकेवरचे प्राध्यापक: अकरा सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते. माणसांना साडेचार स्टार, ज्या सोयीतून ती येतात त्या सोयीला एक. दोन्हीची सरासरी काढू नका, मी दरवर्षी सेकंड इयरला संख्याशास्त्राचा पेपर शिकवते आणि मध्यमान कसं फसवतं ते पहिल्याच तासाला सांगते.

तर ही सोय म्हणजे सीएचबी, क्लॉक अवर बेसिस, सरकारी मराठीत तासिका तत्त्व, म्हणजे पक्की नोकरी नाही, घेतलेल्या तासापुरते पैसे. आमचं तालुक्याच्या गावातलं अनुदानित कॉलेज, मानसशास्त्राची मंजूर पदं तीन, त्यातलं भरलेलं एक आणि ते म्हणजे मी. बाकीचे दोन सर रिटायर झाले त्याला अकरा वर्षं झाली, त्यांच्या खुर्च्या अजून आहेत, एकीवर जुनी जर्नलं ठेवलीत. 2021 ला राज्यात 2088 सहायक प्राध्यापकांची पदं भरायला परवानगी मिळाली तेव्हा आम्ही पेढे सांगायचेच बाकी ठेवले होते, पण आमच्या विषयाचा काही नंबर लागला नाही. मग काय, दर जुलैला घ्या सीएचबी.

आता ऑर्डर कशी करतात ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं जाहिरात दिली, माणूस आला, शिकवायला लागला. तसं नाही. आधी वर्कलोड काढायचा. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला 16 तास, तीन पदांचे झाले 48, त्यातले 16 माझे वजा केले की उरले 32. आमच्याकडे तासिकेवाल्याला आठवड्याला 9 तासांच्या वर देत नाहीत. 32 भागिले 9 करा. साडेतीन माणसं येतात! म्हणजे तिघांना नऊ-नऊ आणि चौथ्याला पाच तास, आणि त्या पाच तासांसाठीसुद्धा अर्ज येतात हो, गेल्या वर्षी आमचं 'अर्ध माणूस' रोज 40 किलोमीटरवरून एसटीनं यायचं. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून तिला परवडायचं, नाहीतर पाच तासांची कमाई एसटीच खाऊन गेली असती.

तर हा वर्कलोड उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून तपासून यायचा, मग पेपरात जाहिरात, मग मुलाखत, मग विद्यापीठाची मान्यता. कॉलेज जूनअखेर सुरू झालेलं असतं आणि पहिला तासिकेवाला वर्गात शिरेपर्यंत गणपतीची वर्गणी गोळा व्हायला लागलेली असते. तोवर तिन्ही वर्गांना मीच. एफवायवाले मला 'सकाळच्या मॅडम आणि दुपारच्या मॅडम' म्हणतात, माणूस एकच.

मुलाखतीचा दिवस मात्र मला आवडतो, खोटं कशाला बोलू. अर्ज बघितले तर एकेकाची मेहनत दिसते. एमए, वर नेट नाहीतर सेट (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षा, एक देशाची, एक राज्याची), काहींची पीएचडी. नेट म्हणजे तीन तासांत 150 प्रश्न, 300 मार्क, आणि तेही परीक्षा टिकली तर. 18 जून 2024 ला आमची एक जण जेआरएफसाठी, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठी, नेटचा पेपर देऊन आली, सेट आधीच होती तिची, पेपर भारी गेला म्हणून येताना जिलबी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी अख्खी परीक्षाच रद्द. उरलेली जिलबी आम्ही शिपाईमामांना दिली.

डेमो मी कधीच सोडत नाही. बाकीचे मेंबर फाईल बघतात, मी फळ्याकडे बघते. माझा टॉपिक ठरलेला, अभिजात अभिसंधान (पावलॉवचा कुत्रा, घंटा वाजली की त्याला लाळ सुटते, ते), आणि अट एकच की मराठीत शिकवायचं. पुण्या-मुंबईकडून आलेली हुशार पोरं इथेच अडकतात, कंडिशनिंग, स्टिम्युलस, रिस्पॉन्स घडाघडा बोलतात आणि आमच्या पोरांना परीक्षेत लिहायचं असतं अभिसंधान, उद्दीपक, प्रतिक्रिया. एका वर्षी इंग्रजीतूनच शिकवून गेलेल्या सरांच्या बॅचमधल्या एकानं पेपरात लिहिलं होतं की पावलॉवनं कुत्र्याच्या खोलीत कंडिशनर बसवला. मी तो पेपर अजून जपून ठेवलाय (म्हणजे आठवणीत हो, उत्तरपत्रिका नियमानुसार जमा केलीय). उलट एक मुलगी आली होती, तिनं पावलॉवचं नावच शेवटी घेतलं. आधी म्हणाली, डेपोत एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर शिट्टी मारतो तेव्हा तुम्ही न बघता बाजूला होता की नाही? झालं, तिथंच माझे मार्क देऊन झाले होते. तीच ती पाच तासवाली.

क्वालिटीबद्दल बोलायचं तर प्रॅक्टिकलचं आधी सांगायला पाहिजे. मानसशास्त्राला प्रयोगशाळा असते हे आमच्याच संस्थेत निम्म्यांना माहीत नसतं. आमच्याकडे एक आरशातलं रेखाटन करायचं उपकरण आहे ज्याच्या आरशाला तडा गेलाय, एक मेमरी ड्रम आहे, पाठांतराच्या प्रयोगात एकेक शब्द खिडकीत दाखवणारा, जो तिसऱ्या शब्दावर अडकतो, स्टॉपवॉच मोबाईलचंच. नवीन सामान मागितलं की 'बघू'. मागच्या वर्षीच्या सरांनी, तेही तासिकेवरचेच, तो मेमरी ड्रम सोडून दिला आणि प्लायवूडच्या खोक्याला खिडकी कापून कागदाची पट्टी हातानं ओढायची असं काहीतरी जुगाड केलं, खर्च त्यांच्या खिशातून 140 रुपये. पोरं आळीपाळीनं प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग करतात तो) झाली, रिझल्ट पण नीट आले. बाहेरचे परीक्षक आले तेव्हा त्यांनी आधी खोक्याचाच फोटो काढला. आणि हे सगळं करून दोन तासांचं प्रॅक्टिकल वर्कलोडमध्ये मोजायचं एक तास. प्रॅक्टिकलचा दरही लेक्चरपेक्षा कमी. सरांनी एकदाच विचारलं होतं, मॅडम, घड्याळ आपल्यासाठी वेगळं चालतं का?

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ही फक्त आमच्या विषयाला लागू पडते. अर्थशास्त्राच्या सीएचबीला कोणी कॉरिडॉरमध्ये थांबवून बँक काढून दे म्हणत नाही, पण मानसशास्त्राच्या मॅडम म्हटलं की 'थोडं बोलायचं होतं' सुरू होतं. माझ्याकडे पोरं येत नाहीत फारशी, माझं वय, केबिन, एचओडीची पाटी. ती जातात तासिकेवाल्यांकडे, कारण ती पंचविशी-तिशीतली, ताई-दादासारखी वाटतात. घरात लग्नाची घाई चाललीय, बाप पितो, दोनदा भरतीत नापास झालो, झोपच लागत नाही, सगळं त्यांच्यापाशी. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एकीनं एका मुलीच्या बोलण्यावरून ओळखलं की हे नुसतं परीक्षेचं टेन्शन नाही. मला येऊन सांगितलं, मी मुलीच्या आईशी फोनवर बोलले, आणि पुढच्या मंगळवारी ही बाई स्वतः त्या मायलेकींना घेऊन जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत गेली, केसपेपर काढण्यापासून गोळ्यांच्या रांगेपर्यंत. आपण समुपदेशक नाही, आपण रस्ता दाखवायचा, हे तिला पक्कं माहीत होतं, एकदाही स्वतः उपचार करायला गेली नाही. मुलगी पुढे टीवाय पास झाली. त्या मंगळवारी आमच्या तासिकेवाल्या मॅडमचे दोन तास बुडाले म्हणून बिलात दोन तास कमी. मस्टरवर 'रजा' असं लिहायलाही जागा नाही, कारण सीएचबीला रजाच नसते, फक्त न घेतलेला तास असतो. मी ते दोन तास नंतर जादा लावून भरून काढले, नियमात बसतं की नाही मला विचारू नका.

किंमत. यूजीसीनं, म्हणजे दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2019 ला गेस्ट लेक्चररसाठी तासाला 1500 आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सांगितलं. आपल्याकडे 2022 ला दर वाढले तेव्हा पदवीला 900 आणि पदव्युत्तरला 1000 झाले. आठवड्याला 9 तास गुणिले 900, चार आठवडे, 32,400 होतात आणि नवीन पोरं हा हिशोब करूनच खूश होतात. मी त्यांना कॅलेंडर दाखवते. गणपती, दिवाळी, परीक्षा, गॅदरिंग, स्पोर्ट्स, निवडणुकीला कॉलेजच ताब्यात, या सगळ्या दिवसांचे शून्य. उन्हाळ्यात शून्य. जून-जुलैत जाहिरात निघेपर्यंत शून्य. बारा महिन्यांवर पसरलं की हातात काय राहतं ते त्यांचं त्यांनी काढावं. नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं, भत्ते वेगळे, आणि वर्गात खडू दोघं एकच वापरतात. यूजीसीच्या 2018 च्या नियमात कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांचा पगार नियमिताच्या एकूण पगारापेक्षा कमी नसावा असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या विभागात पाचातले चार तासिकेवर, काढा टक्केवारी. यावर मला मिळालेलं उत्तर असं की तासिका म्हणजे कंत्राट नव्हे. बरं. यूजीसीच्याच नव्या नियमांच्या जानेवारी 2025 च्या मसुद्यात ती 10 टक्क्यांची अटच काढून टाकली होती, म्हणजे आता तो वाद घालायचंही काम नको!

डिलिव्हरीबद्दल (पैशाच्या) सांगते. महिना संपला की बिल करायचं, ऑफिसातले भाऊसाहेब बिचारे वेळेत करतात, ते वर जातं, आणि मग अनुदान आलं की जमा. कधी आलं तर. दिवाळीच्या आधी एक हप्ता येईल असं सगळे धरून चालतात आणि दिवाळीनंतर सगळे गप्प असतात. शिकवताना आम्ही सांगतो ना, बदलत्या अंतरानं मिळणारं प्रबलन, म्हणजे बक्षीस, कधी मिळेल सांगता येत नाही म्हणून प्राणी कळ दाबतच राहतो, त्याचं इतकं चालतंबोलतं उदाहरण स्टाफरूममध्ये बसलेलं असतं. हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही. तेच बोलतात, हसतात आणि डबा उघडतात.

मग टिकतात कोण? ज्यांच्या घरी दुसरा पगार आहे, नाहीतर शेती. बाकीचे मिळेल ते धरतात आणि मला त्यांचा राग येत नाही, मीही पाच वर्षं तासिकेवर काढलीत, मधल्या काळात क्लासेस घेतले, एका दुकानाचे हिशोबही लिहिले. पण विभाग चालवणारी म्हणून तक्रार लिहिणं भाग आहे: माल अर्ध्या सीझनमध्ये संपतो. त्या कंडक्टरच्या शिट्टीवालीला गेल्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या एका शाळेत काउन्सेलरची नोकरी लागली, महिन्याच्या एक तारखेला पगार, ती म्हणाली मॅडम सेमिस्टर संपेपर्यंत थांबू का. मी म्हटलं अगं वेडी आहेस का, जा. आणि मग स्मृतीचं युनिट अर्धवट, विसरण्याची कारणं शिकवायची राहून गेलेली, दीड महिना बदली माणूस नाही कारण नवी जाहिरात, नवी मुलाखत, नवी मान्यता. पोरांचं नुकसान झालंच, ते मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू.

ज्या कॉलेजांत आमच्यासारखीच स्थिती आहे त्यांना दोन गोष्टी सांगते, फुकट. वर्कलोडची फाईल मे महिन्यातच करून ठेवा, सुट्टीत ऑफिस रिकामं असतं, तीन आठवडे वाचतात. आणि मुलाखतीला आलेल्याला पहिल्याच दिवशी पैसे साधारण कधी येतात ते खरं खरं सांगा, आपल्याला लाज वाटते म्हणून आपण बोलत नाही आणि तो बिचारा बाईकचा हप्ता घेऊन बसतो. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून ओपन इलेक्टिव्हला, म्हणजे दुसऱ्या शाखेतला निवडायच्या विषयाला, आमच्या विषयाची गर्दी वाढलीय, कॉमर्सची पोरंसुद्धा येऊन बसतात, तेव्हा माणसं आणखी लागणार.

परत घेणार का? यंदाचा वर्कलोड पुन्हा 32 च आलाय, साडेतीन माणसं, मुलाखती येत्या शुक्रवारी.

परवा त्या पुण्यावालीचा फोन आला. "मॅडम, पैसे आले! गेल्या नोव्हेंबरचे." तिनं राहिलेल्या स्मृतीच्या युनिटमध्येच एक तास झायगार्निक परिणाम फार सुंदर शिकवला होता, म्हणजे कुर्ट लेविनच्या लक्षात आलं की ज्यांचं बिल बाकी आहे त्यांची ऑर्डर वेटरला पाठ असते, पैसे मिळाले की तो विसरतो, मग त्याच्या विद्यार्थिनीनं, ब्लुमा झायगार्निकनं, प्रयोग करून 1927 ला ते छापलं. मी म्हटलं, झालं मग, बिल मिळालं, आता तू आम्हाला विसरणार. तर म्हणते, "नाही ना मॅडम, डिसेंबरचे सहा तास अजून बाकी आहेत."