आबांचा पखवाज आळंदीत दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव (5 पैकी साडेतीन)

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण मालकांनीच हात जोडून सांगितलं की ताई ते मोबाईलवर वगैरे काही टाकू नका, आहे तेच काम उरकत नाही. आळंदीत माउलींच्या देवळाच्या आसपास पखवाज, टाळ, वीणा, माळा यांची जी दुकानं आहेत त्यातलं एक, एवढं पुरे. पखवाज दुरुस्त करायचा असेल तर काय काय होतं ते कुठेच नीट लिहिलेलं सापडलं नाही म्हणून लिहितेय, आणि विषय आबांचा आहे म्हणून लांबणार आहे, आधीच माफी.

आबा म्हणजे माझे आजोबा. फलटण तालुक्यातलं आमचं गाव, लोणंदवरून तरडगावला जाताना जो चांदोबाचा लिंब लागतो, जिथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, तिथून जवळच. आबा माळकरी, पखवाजी, चाळीसच्या वर वाऱ्या पायी केलेल्या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि हे गळ्यात पखवाज अडकवून चालायचे. लोक पिशवी जड होते म्हणून कुरकुरतात. दिवे घाट चढताना पण म्हणे वाजवणं बंद नाही, पण हे मला आबांनी नाही सांगितलं, त्यांच्या दिंडीतल्या एका आजोबांनी दहाव्याला सांगितलं.

2021 च्या डिसेंबरात आबा गेले. त्यानंतर पखवाज माळ्यावर, गवसणीत, कोणी हात लावला नाही. आणि गवसणीत ठेवलाय म्हणजे सुरक्षित आहे असं समजणं ही आमची पहिली चूक. डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर, कणकेचा वास राहिलेला असतो (कणीक का ते पुढे सांगते), तो उंदरांना आवडतो, डावी पुडी आरपार, वाद्या, म्हणजे दोन्ही पुड्या ताणून धरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या, तीन ठिकाणी कुरतडलेल्या, उजवीच्या शाईला भेगा पडून टवके उडालेले. बाबा म्हणाले राहू दे, शोकेसमध्ये ठेवू. पखवाज आणि शोकेसमध्ये! आबा असते तर शोकेसच बाहेर काढली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पखवाजाच्या उजव्या तोंडाला काळी शाई असते, तबल्यासारखी, आणि डाव्या तोंडाला मात्र दर वेळी ताजी भिजवलेली कणीक लावतात, त्याने खालचा आवाज घुमतो, आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. आमच्या घरी भजनाच्या दिवशी आज्जी संध्याकाळी एक छोटा गोळा वेगळा भिजवायची, जरा सैलसर, बिन मिठाचा, आणि तो वाटीत घेऊन देवळात जायचं काम माझं. भजन जास्त करून एकादशीला. आणि एकादशीला घरात सगळ्यांना भगर नाहीतर साबुदाणा, त्यामुळे आबा दर वेळी, अगदी दर वेळी, तोच जोक मारायचे की आज आपल्या घरात पोटभर जेवणारा हा एकटाच. आणि कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापून अंगठ्याने गोल पसरवायचे, मधे एकदा बोटं पाण्यात बुडवून, मग एक थाप, कान जवळ, परत थोडी कणीक चिमटीने काढायची. मला तो आवाज खाली खाली जाताना ऐकायला फार आवडायचं. भजन संपल्यावर ती कणीक खरवडून गाईला.

तर दुकान. मी गेले जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि इथे दुसरी चूक, ती माझी. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचं प्रस्थान असतं, त्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आळंदीत पखवाजवाल्यांकडे जाऊ नका, अख्ख्या महाराष्ट्रातल्या दिंड्यांचे पखवाज तिथे रांगेत असतात. तसंच कार्तिकात समाधी सोहळ्याच्या दिवसात नको आणि दर महिन्याच्या वद्य एकादशीला नको, गाडी लावायला जागा मिळत नाही. मी पुण्यातून पीएमपीच्या बसने गेले पखवाज मांडीवर घेऊन, आणि रस्ताभर तीन अनोळखी लोक त्याच्या पाया पडले, एका मावशींनी तर मला जागा दिली. मला नाही, पखवाजाला.

मालक पन्नाशीचे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. पहिला प्रश्न, भावाचा आहे का? म्हटलं नाही, माझाच समजा. मग म्हणाले ताई याला नटबोल्ट करून टाकू, वाद्या ओढायची कटकट नाही, पान्याने दोन मिनिटात सूर लागतो, आता सगळी पोरं तेच वापरतात. हे बरोबर पण आहे, हल्ली बरेच जण नटबोल्टचेच वापरतात आणि रोज कीर्तनाला जाणाऱ्याला ते सोयीचं आहे, पण मी नको म्हटल्यावर पण त्यांनी दोनदा विचारलं, अर्धा स्टार त्याचा कापला. (दुसरा अर्धा आणि आणखी अर्धा पुढे येतोय.)

पण आत बसलेले कारागीर, त्यांना सगळे चाचा म्हणत होते, मिरजेकडचे, साठीचे असतील, डोक्यावर जाळीची टोपी. मालक मला गंमतीत म्हणाले आमच्या दोघांच्या सुट्ट्या कधी एका वेळेला येत नाहीत म्हणून दुकान कधी बंद नसतं (हे वाक्य लक्षात ठेवा). चाचांनी पखवाज हातात घेतला, आधी कपाळाला लावला, मग आडवा धरून निरखून बघायला लागले. लाकडावर नखाने टकटक केलं, म्हणाले शिसव आहे, असं खोड आता बघायला मिळत नाही. मग उजव्या पुडीवर बोट फिरवत म्हणाले, "साथीचा हात आहे. पुढे पुढे करणारा नाही."

म्हटलं कसं कळलं. तर त्यांनी दाखवलं की शाईच्या कडेला, जिथे बोटांचं बारीक काम होतं, तिथे झीज फार कमी, आणि मधल्या उघड्या थापेच्या जागी जास्त, म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं ठेका धरून बसलाय, परण-तुकडे, म्हणजे एकट्याने वाजवून दाखवायच्या बोलांच्या रचना, वाजवून टाळ्या घेणाऱ्यातला नाही. आणि लाकडावर एका जागी हात फिरवायला लावला, तिथे जरा गुळगुळीत खळगा होता, चालताना मांडीला घासून घासून झालेला. मी लहानपणापासून हा पखवाज बघितलाय आणि मला तो खळगा माहीत नव्हता.

ते म्हणाले ते अगदी खरं होतं. आबांचं म्हणणं असायचं की पखवाज जास्त ऐकू आला तर अभंग कमी ऐकू येतो. गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, दोन-दोन तासांचे पहारे लावतात, त्यात रात्री दोन ते चारचा पहारा कोणालाच नको असतो तो आबा स्वतःहून मागून घ्यायचे, आणि पुन्हा चारला काकडा असेल तर घरी न येता तिथेच. कीर्तनाला साथ केली तर पैसे घ्यायचे नाहीत, नारळ आणि टोपी घ्यायचे, त्यामुळे आमच्याकडे कायम नारळाच्या वड्या. शाळा चौथीपर्यंत, पण हरिपाठ आणि शेकड्याने अभंग पाठ, आणि हैबतबाबा आरफळकरांनी हा पालखी सोहळा सुरू केला ते आपल्या साताऱ्याचे याचा अभिमान असा की जणू शेजारच्या वाड्यात राहायचे. 2020 ला करोनामुळे माउलींच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीने पंढरपूरला गेल्या, टीव्हीवर ते बघून आम्हाला वाटलं आबा आता रडणार, तर म्हणाले, "चला, माउलीला एकदा तरी शीट मिळाली." आणि मग उठून मागच्या पडवीत जाऊन बसले, संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

बकऱ्याच्या कातड्याचं पण सांगते, कारण मला लहानपणी हा प्रश्न पडलेला की आबा अंड्याला शिवत नाहीत आणि हात दिवसभर कातड्यावर. विचारलं तर म्हणाले त्या बकऱ्याचं नशीब बघ, मेल्यावरपण विठ्ठल म्हणतंय. आज्जी लगेच आतून, "जितं असताना इचारलं व्हतं का त्याला?"

आज्जीचं हे असं. आता लोक तिला सांगतात केवढा पुण्यवान माणूस, तर ती मान हलवते आणि गप्प बसते. वारी असते ज्येष्ठ-आषाढात, म्हणजे ऐन पेरणीत. पाऊस पडला की हे चालले आळंदीला, आणि पेरणी आज्जीने, सासूने आणि एका दिराने उरकायची. धाकट्या आत्याच्या जन्माला पण आबा वाटेत कुठेतरी, आठ दिवसांनी कळलं. "त्येंचा इठ्ठल इटंवर, मी चिखलात," हे मी तिच्या तोंडून पन्नासदा ऐकलंय. पण एकही वर्ष दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिल्याशिवाय त्यांना पाठवलं नाही, हेही तितकंच खरं.

तर परत दुकानावर. पंधरा दिवस सांगितले होते. पंधरा दिवसांनी फोन केला, उचलला नाही. दोन दिवसांनी परत, नाही. चार दिवसांनी कोणीतरी मुलाने उचलला, म्हणाला मालक वारीला गेलेत, आणि चाचा पंढरपूरला, तिथे स्टॉल लावलाय, आषाढीनंतर या. मी एवढी चिडले, की अरे तारीख देताना वारी कधी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं का, निदान एक मेसेज? आज्जीला फोनवर सांगितलं, तर पलीकडून आधी काहीच आवाज नाही, आणि मग ती हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. म्हणाली, "आता कळलं का?" त्यानंतर मी दुकानदाराला काय बोलणार. तरीपण अर्धा स्टार त्याचा.

जुलैच्या शेवटी बोलावलं, तर उजव्या पुडीची शाई अजून लावायचीच होती. अर्धा स्टार याचा, पण एका अर्थी बरं झालं, कारण समोर बसून बघता आलं. लोखंडाचा काळा कीस आणि खळ याचं दाट मिश्रण, त्याचा एक पातळ थर लावायचा, आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचं, इतकं घोटायचं की थर सुकता सुकता त्यात केसाएवढ्या भेगा पडतात, त्या पडल्याच पाहिजेत, नाहीतर आवाज मोकळा निघत नाही. मग त्यावर दुसरा थर, जरा लहान. परत दगड. मी दोन तास बसले होते, तेवढ्यात सहा थर झाले आणि चाचांनी मधे चार वेळा टिचकी मारून ऐकलं, एकदा तोंड वाकडं करून अख्खा थर खरवडून टाकला. मोबाईल वाजला तरी हात थांबला नाही. पैसे इथे वसूल आहेत.

खर्च एकूण 4500. उजवी पुडी 1800, डावी 1200, वाद्या 900, बाकी मजुरी. पुण्यात एका दुकानात मी आधी विचारलं होतं तिथे त्यांनी हे जुनं टाका, नवीनच घ्या, असं बघायच्या आधीच सांगितलेलं, त्यामुळे मला हे महाग वाटलं नाही. पावती हाताने लिहिलेली मिळाली. यूपीआय चालतं. पाणी विचारतात, चहा दोनदा आला. जुने गट्टे, म्हणजे सूर लावायला वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, चाचांनी बदलले नाहीत, म्हणाले चांगले आहेत, उगाच कशाला, आणि हे मला खूप आवडलं कारण बदलून पैसे लावता आले असते. जुन्या पुड्या हव्यात का असं विचारलं, मी उजवी घेऊन आले, ठेवणार कुठे माहीत नाही.

गावी नेला श्रावणातल्या एकादशीला. मी काही माळकरी नाही, ऑफिसच्या कँटीनला ऑम्लेट खाते हे घरी सगळ्यांना माहीत आहे, आणि मला येतो तो फक्त आठ मात्रांचा भजनी ठेका, तोही आबांनी शिकवला असं नाही, वाटी घेऊन शेजारी बसून आला. देवळात न्यायच्या आधी पडवीतच बसून बघितला. उजवीकडून खणखणीत, नव्या पुडीचा असतो तसा जरा तीक्ष्ण. डावीकडे कणीक लावली, यूट्यूबवर बघून, नीट गोल, आणि वाजवला. मला ठीक वाटला. बाबांना ठीक वाटला. शेजारच्या काकांनी तर व्हिडिओ काढून भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला पण.

आज्जी आत भगर निवडत होती. ती आयुष्यात कधी पखवाजाला बसली नाही, भजनाला गेली तरी बायकांत मागे, आणि घरी आबांचा रियाज चालू असला की ती चुलीपाशी भांडी आपटायची. आतूनच म्हणाली, "खालचा लागला नाय अजून."

म्हटलं बरोबर आहे की.

"त्येंचा असा नव्हता. आनि थोडी लाव. अन् मधी नको, जरा खाली सरकव."

लावली, जरा खाली सरकवून, बोटं पाण्यात बुडवून. एक थाप मारली. आत सूप पाखडायचा आवाज थांबला होता.

"हां," म्हणाली, आणि परत पाखडायला लागली.

सहा महिन्यांत पुडी सैल झाली तर फुकट ओढून देतात, पावती जपून ठेवा. मी दिवाळीनंतर नेणार आहे, पण कार्तिकी आणि समाधी सोहळा दोन्ही उरकू देऊन, यावेळी कॅलेंडर बघून.