ठेचलेलं आलं की डबीतला मसाला?

पुतण्यानं परवा कोल्हापुरात राजारामपुरीत नवं बिऱ्हाड थाटलं. भांडीकुंडी घेताना दुकानातूनच त्याचा फोन आला, "काका, चहासाठी खलबत्ता घेऊ, की मसाल्याची डबीच करून ठेवू? तुम्ही दोन्ही करून बघितलंय." एका वाक्यात उत्तर दिलं खरं, पण त्यामागचं सगळं सांगायचं राहून गेलं. ते इथं लिहितो. त्याच्यासारख्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

चहा करायचा कसा, हे सांगत बसत नाही. दूध म्हशीचं धरलंय, ६ फॅटच्या आसपासचं, आणि चहापूड दाणेदार सीटीसी. लांब पानाचा चहा कितीही चांगला असला तरी एवढ्या दाट दुधापुढं आणि आल्यापुढं त्याचा टिकाव लागत नाही. प्रश्न फक्त मसाल्याचा आहे. ताजा ठेचायचा, की वाळवून कुटून ठेवलेला चमच्यानं टाकायचा?

आधी डबीची बाजू. तिच्याबरोबर मी चार वर्षं काढली आणि त्या वर्षांत तिनं माझी मोठी नड भागवली. तेव्हा शिरोलीला फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पहिली पाळी असायची. सातला आत हजर व्हायचं तर सव्वासहाला घर सोडावं लागायचं, आणि साडेपाचला सगळं घर झोपलेलं असताना खलबत्त्याचा ठणठणाट करणं जिवावर यायचं. डबी उघडायची, पाव चमचा उकळत्या पाण्यात टाकायचा, झालं. आलं आणायचं राहिलं, फ्रीजमध्ये पडून सुकलं, अशी कटकट नाही. चवही रोज सारखी. घसा धरला असेल तर आजही मला डबीच बरी वाटते. आलं वाळून सुंठ होताना त्यातल्या जिंजेरॉल या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं, आणि ते मूळच्यापेक्षा जास्त तिखट असतं. सुंठेच्या चहानं घशाला जो चटका बसतो, तो ओल्या आल्याला येत नाही.

मसाला मी घरीच करायचो. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सुंठ ५० ग्रॅम, हिरवे वेलदोडे २५, मिरी १०, दालचिनी १०, लवंग ५ आणि अर्धं जायफळ किसून. भाजायचं काही नाही. कडक उन्हात दोन तास पसरून ठेवायचं, सुंठ आधी बत्त्यानं फोडून घ्यायची, मग मिक्सरला लावून चाळायचं. विकतची पाकिटंही दोन-तीन आणून बघितली. त्यात दालचिनीच सगळ्यांच्या पुढं येते, निदान माझ्या जिभेला तरी तसं लागलं. कुणाला तीच चव आवडत असेल तर माझी काही हरकत नाही.

डबीतला वेलदोडा मात्र टिकत नाही. पहिले पंधरा दिवस झाकण काढलं की ओट्यापासून सोप्यापर्यंत घमघमाट. दीड महिन्यानं त्याच डबीत नुसती सुंठ आणि लवंग उरते. वेलदोड्याचा वास त्याच्या तेलात असतो, ते उडून जाणारं, आणि कुटून ठेवलं की त्याला अडवायला साल उरत नाही. यावर उपाय सोपा होता. थोडा थोडा मसाला करायचा. तेवढं मी चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते गाळाचं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, चहा बशीत ओतून पितात. कप संपत आला की शेवटचा घोटभर चहा बशीत येतो आणि त्याच्याबरोबर तळाशी बसलेलं सगळं चूर्ण. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर गाळाची रेघ राहते ना, तशी तपकिरी रेघ बशीच्या कडेनं उमटायची. तो घोट तोंडात घेतला की जिभेवर बुळबुळीत लागतो आणि दातांत कचकचतो. आण्णा काही बोलायचे नाहीत. बशी तेवढी हळूच बाजूला सारायचे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ताटात भाताचं शीत टाकलं नाही, त्याच्या बशीत दिवसातून दोनदा घोटभर चहा राहायला लागला. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. आलं, तेव्हापासून दुसरं काही दिसेना.

मग उपाय सुरू झाले. मसाला आणखी बारीक केला, तर तो गाळणीच्या जाळीतून आणखीच सुखानं खाली उतरला. सुंठ, मिरी, दालचिनी पाण्यात विरघळणारी नव्हेतच, कितीही दळा. त्यात दालचिनीची पूड गरम पाण्यात फुगून चिकट होते, आणि हा चिकटपणा बाकीच्या चुऱ्याला धरून तळाशी बसतो. दालचिनी निम्मी केली, थोडा फरक पडला. मलमलच्या फडक्यानं गाळून बघितलं. चहा स्वच्छ आला, पण साय फडक्यातच राहिली, चहाला अंग उरलं नाही, आणि आठवड्याभरात फडक्याला असा वास धरला की कितीही धुतलं तरी जाईना. शेवटी जाडसर मसाल्याची पुरचुंडी बांधून उकळली. ते जमलं. पण पुरचुंडी बांधायला, सोडायला आणि धुवायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात दोन वेळचं आलं ठेचून झालं असतं.

आणखी एक. पाच-सहा जणांचा चहा पातेल्यातून ओतताना चूर्ण खाली बसत जातं. पहिला कप फिका, शेवटचा जहाल. आमच्याकडं शेवटचा कप चहा करणाऱ्याचा असतो, म्हणजे बायकोचा. ती म्हणायची, "तुम्हाला चहा मिळतो, मला काढा मिळतो." हे तिनं दोन वर्षं सांगितलं आणि ते खरं होतं.

आता खलबत्ता. दोन कपांना बोटाच्या पेराएवढं आलं आणि दोन वेलदोडे सालासकट. आल्याचा लगदा करायचा नाही, तंतू फुटून रस सुटेपर्यंत चार-पाच ठोके पुरतात. एक कप पाण्यात हे तीन मिनिटं खळखळून उकळायचं, मग साखर, मग चहापूड, आणि शेवटी वेगळं तापवलेलं एक कप दूध. गाळलं की आल्याचा चोथा गाळणीत राहतो आणि चव चहात. पावसाळ्यात दारातल्या कुंडीतली गवती चहाची दोन पाती गाठ मारून आल्याबरोबर टाकतो. पाती चुरून ठेवायची कल्पना मला कधी पटली नाही.

याचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. आलं बाराही महिने एकसारखं नसतं. दिवाळीच्या पुढं येणारं नवं आलं पातळ सालीचं, रसाळ, पण सौम्य, ते जास्त घालावं लागतं. उन्हाळ्याच्या शेवटी मिळणारं जुनं आलं दोरेदार आणि तिखट. अंदाज रोज नव्यानं घ्यायचा. २०२३ च्या पावसाळ्यात आलं किलोला दोनशेच्या वर गेलं, तेव्हा आम्हीही काही आठवडे डबीकडं वळलो होतो.

आणि दूध फाटायचं भय. हे एकदा माझ्याच हातून झालंय. बहिणीकडचे पाहुणे आले होते, घाईत आलं थेट थंड दुधात टाकून पातेलं मंद गॅसवर ठेवलं. दहा मिनिटांत दुधाच्या गुठळ्या. कच्च्या आल्यात दूध साकळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, जिंजिबेन नावाचं, आणि कोमट ते गरम दुधात ते चांगलंच काम करतं. चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसानं दूध लावून खातात. पण उकळत्या पाण्यात ते निकामी होतं. म्हणून आलं आधी पाण्यात, आणि उकळी पुरती. तेव्हापासून हा क्रम मी मोडलेला नाही आणि दूधही पुन्हा फाटलेलं नाही. डबीवाल्यांना या बाबतीत फारशी काळजी नाही, हे मान्य करायला हवं.

गुळाचा चहा करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडं घरोघरी गुऱ्हाळाची ढेप येतेच. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तो चहात बसतोही सुंदर, पण दुधाशी त्याचं जमवून घ्यावं लागतं. गूळ आणि आलं पाण्यात उकळून, गॅस बंद करून, मग गरम दूध वरून घालायचं. पुन्हा उकळी आणायची नाही. इथं मला डबीचा मसाला अजिबात रुचत नाही. गुळाला स्वतःचा करपट-गोड वास असतो, त्यात सुंठ-लवंग मिसळली की बाळंतिणीच्या काढ्याची आठवण होते. ठेचलेलं आलं आणि एक वेलदोडा, एवढंच गुळाला शोभतं. तुमची जीभ कदाचित वेगळं सांगेल.

मग कुणी काय घ्यावं? पाळीवर जाणारे, हॉस्टेलला राहणारे, एका कपापुरता चहा करणारे, यांनी डबी ठेवावी, पण महिन्याभरात संपेल एवढीच, आणि दालचिनी बेतानं. घरात चार माणसं एकत्र चहाला बसत असतील, त्यातलं एखादं बशीत ओतून पिणारं असेल, तर मी खलबत्त्याकडंच बोट दाखवीन. वेळेचं म्हणाल तर मला दोन्हींत फार तर दीड मिनिटाचा फरक जाणवतो, आणि तेवढ्यात पाणी तसंही उकळत असतं. आवाजाचं भय असेल तर खलबत्त्याखाली दुमडलेला पंचा ठेवा. हे मला पहिल्या पाळीच्या काळात सुचलं असतं तर डबीची चार वर्षं झालीच नसती.

पुतण्याला मी फोनवर सांगितलं ते असं, "ओतीव लोखंडाचा घे, दीड-दोन किलोचा, आणि खोलगट. पितळी घेऊ नको, आल्यानं कळकतो." ओतकामात आयुष्य गेल्यामुळं लोखंडाकडं माझा ओढा आहे हे खरं, पण जड बत्त्यानं जोर लावावा लागत नाही, बत्ता नुसता सोडला तरी आलं फुटतं.

रविवारी आण्णांना घेऊन त्याच्याकडं चहाला जायचंय. साताऱ्याकडचं आलं पाव किलो पिशवीत घालून ठेवलंय, आणि बशा आहेत का, ते त्याला आजच विचारायला हवं.