स्टीम: दुकान म्हणून कसं आहे?

नागपुरात बर्डीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी बिलावरच छापलेली असते. व्हाल्व कंपनीचं स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान नेमकं उलट चालतं. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर कारण न पटवता पैसे परत. आज घेतलेला गेम उद्या सेलमध्ये उतरला, तर परत करून स्वस्तात पुन्हा घ्या; स्टीम त्याला गैरवापर मानत नाही. परतीची खात्री असल्यानं अनोळखी गेमवरही माणूस पैसे लावतो, ही त्यातली खरी गोम.

फसगत होते ती घड्याळात. डाउनलोडचा वेळ धरत नाहीत, पण गेम उघडा ठेवून जेवायला गेलात तर मिनिटं मोजली जातात. बाहेरच्या साइटवरून घेतलेली ‘की’ (स्टीमवर गेम मिळवायचा कोड) परत होत नाही.

सवलतीची शिस्तही बघण्यासारखी. एक सवलत संपली की साधारण 30 दिवस दुसरी देता येत नाही, मोठे हंगामी सेल सोडून. विशलिस्टमधला (घ्यायच्या यादीत टाकून ठेवलेला) गेम 20 टक्के किंवा जास्त उतरला की ईमेल येतो. धरमपेठेत बाराही महिने ‘भव्य सेल’ लावणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.

किमती रुपयांत दिसतात, ही मोठी सोय. शोध मात्र गचाळ: रद्दी गेम फार, चाळणीला टॅग (गेमच्या प्रकाराची लेबलं) वापराच. विकणाऱ्याकडून कमिशन सुरुवातीला 30 टक्के, विक्री फार मोठी झाली तरच कमी; म्हणजे छोट्या स्टुडिओला जडच.