५ आणि ३.३ व्होल्टचे बोर्ड जोडायचेत? डिव्हायडर, मॉस्फेट, बफर की ऑप्टोकपलर

आर्डुइनो उनोच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय मात्र ३.३ व्होल्टचे. त्यांच्या पिनेला थेट ५ व्होल्ट दिले की चिपच्या आतल्या संरक्षक डायोडमधून नको तो करंट वाहतो. बऱ्याचदा लगेच काही जळत नाही, त्यामुळे ‘माझं तर चालतंय’ म्हणणारे भेटतात. पण अशी पिन कधी मान टाकेल याचा नेम नसतो.

बाजारात ‘लेव्हल शिफ्टर’ (सिग्नलचं व्होल्टेज बदलून देणारा भाग) म्हणून दोन-तीन वेगळ्याच वस्तू एका नावाने विकल्या जातात. त्यामुळे किंमत शेवटी बघा. सिग्नल कुठून कुठे जातोय आणि किती वेगाने, हे आधी ठरवा.

सिग्नल ५ कडून ३.३ कडे, तोही एकाच दिशेने जात असेल, तर दोन रेझिस्टर, म्हणजेच डिव्हायडर, पुरतात. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची एको पिन हे नेहमीचं उदाहरण. एकोपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि मधल्या जोडावर ३.३३ व्होल्ट. ११५२०० बॉडची (सेकंदाला तितके बिट) सिरियल लाइनही यावर निवांत चालते. यासाठी मॉड्यूल विकत घेणं मला उधळपट्टी वाटते.

आय-टू-सी (चिपांनी आपसात डेटा द्यायची एक पद्धत) आलं की डिव्हायडर बाद, कारण तिथे एकाच वायरीवर दोन्हीकडून बोलणं चालतं. इथे बीएसएस१३८ मॉस्फेटचं (स्विचसारखं काम करणारा ट्रान्झिस्टर) चार चॅनेलवालं छोटं मॉड्यूल घ्या. मॉस्फेटचं गेट (नियंत्रणाची पिन) ३.३ ला बांधलेलं, दोन्ही बाजूंना १० किलोओहमचे पुल-अप (लाइन वर ओढून धरणारे रेझिस्टर). कोणत्याही बाजूने लाइन खाली ओढली की दुसरी बाजूही खाली येते. वर जाताना मात्र सगळा भार पुल-अपवर, म्हणून सिग्नल सावकाश चढतो. १०० किलोहर्ट्झला अडचण नाही, ४०० ला लांब वायर असेल तर कुरबुर सुरू होते.

हेच मॉड्यूल डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टीला लावून लोक हैराण होतात. पट्टीचा डेटा ८०० किलोहर्ट्झचा. इतक्या सावकाश चढणाऱ्या सिग्नलमुळे रंग भलतेच येतात. शिफ्टर न लावता थेट जोडलं तरी ते भरवशाचं नाही: ५ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीला ‘हाय’ ओळखायला ३.५ व्होल्ट लागतात आणि ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर चालतं, वायर लांबली की रुसतं. इथे ७४एएचसीटी१२५ बफरच (सिग्नल वाचून पुढे जोरात देणारी चिप) हवा. त्याला ५ व्होल्टचा सप्लाय द्या. तो २ व्होल्टपासूनच ‘हाय’ धरतो आणि पुढे ५ व्होल्टची खणखणीत धार देतो. चिपमधल्या वापरात असलेल्या बफरची एनेबल पिन (आउटपुट चालू करणारी) ग्राउंडला जोडा, न वापरलेल्या इनपुट लोंबकळत ठेवू नका. चिप घेताना नावातलं ‘टी’ तपासा. साधी ७४एचसी१२५ चिप ५ व्होल्टवर ‘हाय’साठी ३.५ च मागते.

टीएक्सएस०१०८ई सारखे आपोआप दिशा ओळखणारे मॉड्यूल कागदावर सगळ्यांत हुशार. पण प्रत्येक चढ-उताराला ते स्वतः जोर लावतात, आणि लांब वायरींवर तोच जोर उलटतो. बोर्डावर बोर्ड बसवलेला असेल, अंतर बोटभर असेल, तर घ्या. ब्रेडबोर्डवरच्या जम्परांच्या जंजाळात माझं मत ‘नाही’ असंच आहे. त्याचा भाऊ टीएक्सबी०१०८ आय-टू-सीसाठी घेऊच नका, पुल-अपपुढे त्याचं दुबळं आउटपुट टिकत नाही.

आतापर्यंतच्या सगळ्या पर्यायांत दोन्ही बोर्डांची ग्राउंड एकमेकांना जोडलेली हवी. आणि एक बोर्ड बंद, दुसरा चालू असं शक्यतो ठेवू नका. सिग्नलच्या वायरीतून बंद बोर्डात चोरून वीज शिरते. त्याचा एलईडी मंद पेटलेला दिसला तर समजा हेच चाललंय.

पलीकडे २४ व्होल्टचा पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) किंवा मोटरचं पॅनल असेल, तर थेट पीसी८१७ ऑप्टोकपलर. मधे फक्त प्रकाश, त्यामुळे ग्राउंड वेगळेच राहतात आणि मोटरचा विजेचा कचरा (नॉइज) तुमच्या बोर्डात येत नाही. २४ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की आतल्या एलईडीतून साधारण ५ मिलिअँपिअर जातात आणि पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. आउटपुटला ३.३ चा पुल-अप लावला तर सिग्नल उलटा मिळतो, तेवढं कोडमध्ये सांभाळा. लिमिट स्विचला हा पुरेसा. वेगवान डेटासाठी ६एन१३७ बघा.