बोआसाठी छताचं हीट पॅनेल, आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले पॅनेल (छतावरून ऊब देणारी विजेची सपाट पाटी) लावून, आता लिहायला हरकत नाही. आमची बोआ (अजगरासारखा बिनविषारी साप) मादी आहे, सात फुटाच्या आसपास, पेटी ६ बाय २ बाय २ फूट. आधी तळाला हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) होती. लहान होती तोवर ठीक चाललं, पण वजन वाढल्यावर ती एकाच जागी वेटोळं घालून तासन् तास बसायची, उष्णता तिच्या अंगाखालीच कोंडायची, आणि प्रोब (थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर) बाजूला असल्यामुळे थर्मोस्टॅट बिचारा ३१ दाखवत निवांत. एकदा कात टाकल्यावर पोटाचे चार-पाच खवले तपकिरी आणि कडक झालेले दिसले. भाजलं होतं. खालून चटका बसतोय तरी साप बऱ्याचदा जागचा हलत नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांकडे नेलं, औषध झालं, पण डाग फिका पडायला तीन काती गेल्या.

मॅट त्याच दिवशी काढली. पॅनेल ८० वॅटचं, छताला आतून स्क्रूने बसवलेलं, उजेड नाही आणि सपाट असल्यामुळे बाईंना विळखा घालायला काही सापडत नाही (उजेड न देता नुसती उष्णता देणाऱ्या सिरॅमिक बल्बला जाळी लावावीच लागते, तिच्यावरही या चढून बसल्या असत्या). पॅनेलखालच्या फळीवर ३२-३३, दुसऱ्या टोकाला २५-२६. खाल्लं की दोन दिवस फळीवर पसरून पडलेली असते, मग स्वतःच थंड बाजूला जाते.

पण खरं सांगू का, निम्मं काम थर्मोस्टॅटचं आहे. आधीचा चालू-बंद होणारा होता, तापमान तीन-चार डिग्री वरखाली व्हायचं. आता करंट कमी-जास्त करणारा घेतलाय, काटा हलत नाही. आणि प्रोब! दुसऱ्याच महिन्यात तिने नाकाने ढोसून प्रोब उखडला, तो पडला थेट पाण्याच्या भांड्यात, थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार पडली म्हणून त्याने पॅनेल फुल चालवलं. ती काचेला चिकटून थंड कोपऱ्यात बसलेली दिसली तेव्हा शंका आली, इन्फ्रारेड गनने बघितलं तर फळी ४१. आता प्रोब क्लिपने भिंतीला पक्का आहे आणि जास्त तापलं की वाजणारा अलार्म वेगळा लावलाय.

तक्रारी आहेतच. पॅनेल पृष्ठभाग तापवतं, हवा फारशी नाही, त्यामुळे थंडीत दुसरं टोक २२ वर आलं, मग पेटीला तीन बाजूंनी बाहेरून थर्माकोल लावला. हवेतला ओलावाही ६० टक्क्यांवरून ४५ वर उतरला आणि एक कात तुकड्यातुकड्यांनी निघाली, एका डोळ्यावरची टोपी (कातीबरोबर निघणारा पारदर्शक खवला) तशीच राहिली. आता पाण्याचं भांडं मोठं, गरम बाजूच्या जवळ, आणि खाली नारळाच्या भुशाचा जाड थर. नंतरची कात अखंड आली.

महिन्यातून एकदा पॅनेल बंद करून गार झालं की फडक्याने पुसतो, वर धूळ फार बसते. तेवढा वेळ बाईसाहेब कोपऱ्यातून फुसफुसत असतात.