ताब्याच्या वादातील पालकांचे मानसशास्त्रीय मूल्यमापन : धंतोलीतील एका केंद्राविषयी

मुलाच्या ताब्याचा आमचा दावा नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू असताना आम्हा पती-पत्नीचे मानसशास्त्रीय मूल्यमापन धंतोलीतील एका खासगी केंद्रात झाले. दावा अजून निकाली निघालेला नसल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. परंतु तेथील काम कसे चालते, हे या वाटेने जाणाऱ्या पालकांना आधीच कळायला हवे असे मला मनापासून वाटते.

माझा विश्वास बसला तो त्यांनी दिलेल्या नकारामुळे. न्यायालयाचा आदेश होण्यापूर्वी मी एकटीच तेथे गेले होते आणि पतीचे मोबाइलवरील संदेश दाखवून त्यांच्या स्वभावाविषयी पत्र मिळेल का, असे विचारले होते. तेथील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाईंनी शांतपणे सांगितले की, ज्यांना आपण भेटलो नाही त्यांच्याविषयी मत लिहून देता येत नाही. पुढे दोन्ही बाजूंच्या संमतीने न्यायालयाने त्यांच्याकडेच मूल्यमापन सोपवले, तेव्हा माझी ती आधीची भेटही त्यांनी पतींना सांगितली आणि अहवालात नोंदवली. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १२ नुसार न्यायालयाला अशा तज्ज्ञांचे साहाय्य घेता येते, पण एका पक्षकाराने परस्पर आणलेल्या प्रमाणपत्राला ती सर येत नाही.

पहिल्याच बैठकीत त्यांनी स्पष्ट केले की हा उपचार नाही, येथे बोललेले न्यायालयापर्यंत जाईल, आणि ते समजले असल्याची लेखी संमती घेतली. त्यानंतर दोघांच्या स्वतंत्र मुलाखती झाल्या, वर्गशिक्षिकांशी आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांशी बोलणे झाले. सर्वांत मोलाचे वाटले ते मुलाला प्रत्येक पालकासोबत खेळताना पाहणे. ठोकळ्यांचा मनोरा पडल्यावर मूल कोणाकडे पाहते, पालक लगेच हात घालतो की थांबतो, निघण्याची वेळ झाल्यावर मुलाला किती सहज मोकळे करतो, अशा बारीक गोष्टी त्या टिपून घेत होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांविरुद्ध केलेल्या आरोपांपेक्षा या नोंदींतून आमच्या मुलाची गरज अधिक स्वच्छ दिसली, असे मला अहवाल वाचताना जाणवले.

चाचण्यांपैकी एमएमपीआय-२ ही व्यक्तिमत्त्व तपासणारी, खरे-खोटे स्वरूपाची ५६७ विधानांची प्रश्नावली दोघांनाही दिली होती. उत्तर देणारा स्वतःला वाजवीपेक्षा निर्दोष दाखवतो आहे का, हे तपासणाऱ्या मोजपट्ट्याही तिच्यात असतात. मूल आपल्यापासून दुरावेल या धास्तीने बहुतेक पालक ताब्याच्या वादात स्वतःची चांगली बाजूच पुढे करतात, म्हणून तो आकडा वाढला तरी त्याला खोटेपणा म्हणता येत नाही, हे अहवालात समजावून लिहिले होते. ‘कोण अधिक चांगला पालक’ असा निवाडा अहवालाने दिला नाही, आणि तो देणे न्यायालयाचे काम आहे हेही नमूद केले. त्याऐवजी मुलाची देवाणघेवाण कोणाच्याही दारात न करता तटस्थ ठिकाणी व्हावी आणि भेटीहून परतल्यावर त्याची उलटतपासणी घेऊ नये, अशा प्रत्यक्षात आणता येतील अशा शिफारशी होत्या. मानेवाडा आणि जरीपटका अशा दोन टोकांना राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यांतली पहिली शिफारस तर ताबडतोब उपयोगी पडली.

तथापि काही उणिवा गंभीर आहेत. प्रश्नावली इंग्रजीत होती आणि अडलेल्या विधानांचा अर्थ साहाय्यक तोंडी मराठीत सांगत असे. अमेरिकेत घडलेल्या चाचणीतील वाक्याचा रोख अशा तोंडी भाषांतरात सहज बदलतो, आणि ज्या उत्तरांवरून एखाद्याचे पालकत्व जोखले जाणार आहे तेथे एवढी सैल व्यवस्था मला मान्य नाही. अहवालात या मर्यादेचा उल्लेख होता, पण तो शेवटच्या पानावर, न्यायाधीशांच्या नजरेतून निसटावा अशा जागी. दुसरे असे की, एकदा आम्हा दोघांना लागोपाठच्या वेळा दिल्यामुळे प्रतीक्षाकक्षात आमची समोरासमोर गाठ पडली आणि मुलगा मध्ये अवघडून बसला. सांगितल्यावर त्यांनी वेळा बदलल्या. हे आम्ही सांगावे लागायला नको होते. साक्षीसाठी न्यायालयात येण्याचे शुल्क वेगळे असते हेही आरंभीच्या पावतीवर नव्हते.

एवढे असूनही मी हे केंद्र सुचवीन, कारण त्यांनी दोन्ही पालकांना एकाच पद्धतीने तपासले आणि मुलाला ‘तुला कोणाकडे राहायचे’ हा प्रश्न थेट कधीही विचारला नाही. कोठेही गेलात तरी तज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील (चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडील) नोंदणी पाहून घ्यावी, साक्षीच्या शुल्कासह सर्व खर्च लेखी मागावा आणि चाचणी कोणत्या भाषेत होणार ते आधीच विचारावे. सोबत आदेशाची प्रत, मुलाचे प्रगतिपुस्तक आणि वैद्यकीय कागद न्यावेत. मुलाला कोठे आणि कशासाठी नेत आहोत, हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचे तेही केंद्राकडूनच ठरवून घ्यावे, आणि दोन्ही घरांत त्याला तेच सांगितले जाईल असे पाहावे.