मरळ माशाचा शैक्षणिक संच: सहावीच्या वर्गात आठ महिने वापरल्यावर

संच घेतला तो अन्नसाखळी शिकवण्यासाठी. आठ महिन्यांनंतर सांगतो, अन्नसाखळीसाठी तो बेताचाच आहे. श्वसनासाठी मात्र याच्याइतकं उपयोगी साधन माझ्या हाती आजवर आलेलं नाही, आणि खोक्यावर श्वसनाचा उल्लेखसुद्धा नाही!

आत हातभर लांबीची रबरी मरळ, उघडमिट होणारा जबडा, उचलता येणारं कल्ल्याचं झाकण, पत्ते आणि एक तक्ता. पहिल्या दिवशी अर्थातच जबड्यावर झुंबड. दात टाळूवरही असतात हे बोट घातल्यावर जसं कळतं तसं चित्रातून कळत नाही. ‘सर, ही माणसाला चावते का?’ यातच दोन तास गेले.

मग एका मुलीने झाकण उचललं आणि कल्ल्यांच्या वरची पोकळी दाखवून विचारलं, ‘इथे काहीच कसं नाही?’ पुस्तिकेत त्यावर जेमतेम एक ओळ. खरं तर सगळी गंमत तिथेच आहे. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते, ती या पोकळीत जाते आणि आतल्या घड्यांमधल्या रक्तवाहिन्या तिच्यातला ऑक्सिजन शोषतात. म्हणून डबक्यातल्या कोमट, साचलेल्या पाण्यातही तिचं भागतं. पण मोठ्या झालेल्या पट्टेरी मरळीला वर येऊच दिलं नाही, तर ती पाण्यात गुदमरून मरते. ‘मासा पाण्यात बुडून मरतो’ एवढंच फळ्यावर लिहिलं आणि खडू ठेवून दिला. पुढचा अर्धा तास मला बोलायला जागाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी टाकीतल्या मरळीचा व्हिडिओ लावला; ती किती वेळा वर येते हे मोजताना जबड्याची आठवण कुणाला झाली नाही.

पत्त्यांबद्दल माझी तक्रार आहे. शैवाल, डासाच्या अळ्या, बेडूक, मरळ, बगळा असा क्रम लावला की खेळ संपला. ऊर्जा प्रत्येक पायरीला साधारण १० टक्केच पुढे जाते, हा पर्यावरणशास्त्रज्ञ लिंडमन यांनी १९४२ मध्ये मांडलेला मुद्दा त्यात कुठेच नाही. मी मणी वापरले: १०००, १००, १०, १. (हजार मणी वेचायला कोण थांबतं ते विचारू नका.) तळ्यात मरळी थोड्या का, हे त्या एका मण्याने समजावलं.

एका पत्त्यावर ‘जमिनीवर चालणारा राक्षस’ असं छापलंय. तो मी काढून टाकला. ओल्या जमिनीवरून मरळ सरपटत थोडं अंतर जाते, चालत नाही. आणि राक्षस म्हणावं, तर तिची अंडी पाण्यावर तरंगतात, पिल्लांचा थवा फिरतो आणि पालक राखण करतात, हे सांगणारा पत्ताच नाही! त्याऐवजी २००२ सालची अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्याची गोष्ट सांगितली. तिथे कुणीतरी आणून सोडलेले मरळीच्याच कुळातले मासे सापडले, पुढे पिल्लंही सापडली आणि शेवटी तळ्यात विष घालावं लागलं. ‘मग चूक माशाची की सोडणाऱ्याची?’ हे मुलांनीच विचारलं.

टिकाऊपणा म्हणाल तर जबडा अजून ठणठणीत, शेपटीचा रंग उडालाय. कल्ल्याच्या झाकणाची बिजागरी चौथ्या महिन्यात तुटली आणि सुटी मिळत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली आहे, अजून तरी धरून आहे.